जठारपेठेतल्या गच्चीवरचं हवाई दल

विमानं बनवणाऱ्या माणसांत बसलं की दोन गोष्टी साचत जातात, लाकडाचा भुसा आणि किस्से. भुसा मी सोमवारी झाडून काढते. किस्से कुठे टाकावेत ते कळत नाही, म्हणून इथे टाकते आहे!

मी विज्ञान शिकवून रिटायर झालेली बाई. अकोल्यात जठारपेठेत माझं घर, वर लांबलचक गच्ची, समोरची गल्ली ओलांडली की मोकळा प्लॉट. एवढ्याच भांडवलावर मला मंडळात घेतलं. मंडळ म्हणजे आम्ही चौघं. नाना हवाई दलात विमानांचे फिटर होते, आता ऐंशीच्या घरात आहेत. पाठक वकील अजून कोर्टात जातात. सुधाकरभाऊ धामणगाव रेल्वे या गावी कापसाचा व्यापार करतात आणि दर रविवारी गाडीने येतात. जुन्या लढाऊ विमानांची हलक्या लाकडाची मॉडेल्स करायची आणि गच्चीवरून उडवायची, हा आमचा उद्योग.

नियम नानांचा. विमानं ज्या क्रमाने जगात आली, त्याच क्रमाने करायची. आधी कापडाचं, दुहेरी पंखांचं. मग एकेरी पंखांचं, पुढे फिरता पंखा असलेलं. मग जेट. आणि विमान गल्ली ओलांडून प्लॉटमध्ये उतरलं तरच पुढची पायरी. नाहीतर पुन्हा तेच!

"नाना, मला डायरेक्ट जेट करू द्या ना," मी पहिल्याच दिवशी म्हटलं.

"बाई, तुमी मास्तरीण. पहिलीतल्या पोराले दहावीत बसवत होत्या काय?"

मी मुकाट्याने पहिलीत बसले.

*

सुधाकरभाऊंचं दुहेरी पंखांचं विमान बनवणं चाललं होतं. नाना पहिल्या महायुद्धातली अडचण समजावून सांगत होते. मशीनगन वैमानिकाच्या समोर, आणि तिच्यापुढे विमानाचा स्वतःचाच फिरता पंखा. सुरुवातीला कोणी पात्यांवर लोखंडी पाचरी ठोकल्या, गोळी लागली तर बाजूला उडावी म्हणून. पातं समोर आलं की गोळी थांबेल अशी जुळणी नंतर निघाली.

सुधाकरभाऊंनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"म्हंजे आपणच गोळ्या झाडाच्या, अन् आपल्याच पंख्याले लागाच्या?"

"सुरुवातीले तसंच होतं."

"मंग आमच्या सोसायटीच्या मीटिंगीत अजून तेच चालू हाये!"

*

वकीलसाहेबांनी दुसऱ्या महायुद्धातलं इंग्रजांचं स्पिटफायर करायला घेतलं. त्याचे पंख निमुळते, गोलसर, दिसायला देखणे आणि बनवायला महाकठीण. खऱ्या कारखान्यांनाही त्या पंखांनी घाम फोडला होता. वकीलसाहेबांनी अख्खा हिवाळा घासकाम केलं. नानांनी विमान उचलून डोळ्यासमोर धरलं.

"वकीलसाहेब, डावा पंख मोठा झाला."

"नाना, डावा की उजवा, ते कोण कुठून पाहतं त्यावर आहे."

"मी समोरून पाहून राहिलो."

"आक्षेप! वैमानिक आतून पाहतो."

वाद जिंकून वकीलसाहेबांनी विमान सोडलं. ते मोठ्या पंखाचं ऐकून वळलं आणि शेजारच्या मालतीबाईंच्या गच्चीत वाळत घातलेल्या कुरड्यांवर आदळलं.

मालतीबाई कठड्याशी आल्या. एका हातात स्पिटफायर, दुसऱ्या हातात कुरडईचा चुरा.

"बाई, ते युद्ध संपलं ना केव्हाचं? मंग माह्या कुरड्यायवर काहून हल्ला?"

वकीलसाहेबांनी तिथे मात्र आक्षेप घेतला नाही.

*

एका रविवारी सुधाकरभाऊंच्या सौ. सोबत आल्या. त्या दिवशी विषय नॅट विमानाचा होता. लढाऊ जेट दिवसेंदिवस जड आणि महाग व्हायला लागली, तेव्हा ज्याने हे विमान आखलं त्याने ठरवलं की गरज नसलेलं सगळं काढून टाकायचं. मग ते चिमुकलं, चपळ विमान जन्माला आलं. वहिनींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग सुधाकरभाऊंच्या पोटाकडे पाहिलं आणि नानांना विचारलं,

"नाना, तो कारखाना अजून चालू हाये का?"

*

आता मारुतबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय नाना कळायचे नाहीत. मारुत म्हणजे आपल्या देशात बनलेलं पहिलं लढाऊ जेट. नानांच्या तरुणपणाचे हात त्याच्याच तेलात माखलेले. ढाचा आवाजापेक्षा जास्त वेगाने जाईल या बेताने आखलेला, पण त्याला साजेसं इंजिन काही शेवटपर्यंत मिळालं नाही. दर रविवारी नाना हळहळायचे, "ढाचा असा, का पाहतच राहावं! पण इंजिन नाही भेटलं हो त्याले."

हे इतक्यांदा ऐकलं की आमच्यात 'मारुत' हा शब्दच रूढ झाला. दिसायला झकास पण जोर नाही, तो मारुत. सुधाकरभाऊंची नवी मोटरसायकल पातूरच्या घाटात धापा टाकायला लागली, ती मारुत. माझा आलं न घातलेला चहा मारुत.

एकदा वकीलसाहेब उशिरा उगवले. मुलीसाठी स्थळ पाहून आले होते. नानांनी विचारलं, कसा आहे मुलगा?

"उंच, गोरा, दोन डिग्र्या. नोकरीचं विचारलं तर म्हणतो, बघू."

नानांनी मान हलवली. "मारुत हाये. राहू द्या."

*

नाना स्वतः मात्र दुसऱ्या पायरीवर अडकले होते. हात थरथरायला लागला होता. पंख तिरके बसायचे, विमान गल्लीतच पडायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कंप वाढतच जाईल. नानांना एकच मॉडेल करायचं होतं, मारुतचं, आणि ते होतं तिसऱ्या पायरीवर. मला फार वाईट वाटायचं. "नाना, नियम तुमचाच आहे, मोडा ना एकदा," मी म्हणायचे.

"माहा हाये म्हणूनच मोडता येत नाही बाई."

शेवटी वकीलसाहेबांनी केस हातात घेतली. रविवारी ते थेट काळा कोट घालून आले.

"नाना, मारुतला जेट बसवायच्या आधी काय बनवलं होतं?"

"ग्लायडर. पुरा लाकडाचा, खऱ्या मापाचा. दुसऱ्या विमानाले दोर बांधून वर नेला अन् सोडला. ढाचा बराबर उडते का, ते पाह्यासाठी."

"त्यात इंजिन होतं?"

"नाही."

"आणि इंजिन नसलेलं विमान तुमच्या क्रमात कुठे येतं?"

नानांनी बोटांवर पायऱ्या मोजल्या.

"सगळ्याइच्या पहिले."

"मला आणखी काही विचारायचं नाही!" वकीलसाहेब खाली बसले.

नानांनी दुसऱ्याच दिवशी बिनइंजिनाच्या मारुतसाठी लाकूड कापायला घेतलं. हात थरथरला की थांबायचे, स्थिर झाला की पुन्हा पटाशी धरायचे. आम्हाला कोणाला हात लावू दिला नाही. उन्हाळा लागता लागता मारुत तयार झाला.

खऱ्यासारखाच ओढून न्यायचा, हा नानांचा हट्ट. म्हणून गच्चीत नाना विमान धरून उभे, त्याच्या आकड्यात अडकवलेला दोरा खाली प्लॉटमध्ये, आणि त्याचं दुसरं टोक सुधाकरभाऊंच्या हातात. वकीलसाहेबांनी हात खाली केला. सुधाकरभाऊ पोट सांभाळत पळाले. नानांच्या हातातून मारुत सुटला, गल्ली ओलांडून प्लॉटवर चढला आणि दोऱ्याचा फास आपोआप गळाला.

आम्ही त्याच्या उतरण्याची वाट पाहत होतो. पण प्लॉटची काळी माती सकाळपासून तापलेली. गरम हवेवर मारुत एक गोल गिरकी घेऊन वर गेला, मग आणखी एक. मालतीबाईसुद्धा कुरड्या सोडून वर पाहत राहिल्या. तो पाण्याच्या टाकीवरून पुढे गेला, ठिपका झाला आणि दिसेनासा झाला.

"नाना, पास!" वकीलसाहेब ओरडले. "शोधून आणू का?" सुधाकरभाऊंनी खालून धापा टाकत विचारलं.

नानांनी ऐकलंच नाही. डोळ्यांवर आडवा हात धरून ते तिकडेच पाहत होते.

"अन् मी लेका जिंदगीभर इंजिनासाठी रडून राहिलो!"