बाठेबाई आणि गावची टाकी

बाठेबाईंनी पर्स उघडली की शिक्षकखोलीत आम्ही खुर्च्या मागे सरकवत असू. तिच्यातून कधी आंब्याचे वाळके बाठे निघत, कधी काजूच्या टरफलांची पुडी. एकदा तर काजूच्या पिकलेल्या बोंडूंनी माझ्या पेपरांच्या गठ्ठ्यावर असा अभिषेक केला, की नववी ‘ब’चे निबंध आठवडाभर घमघमत होते. मी नाकाला रुमाल लावला तर म्हणाल्या, “सर, हा वास नाही. हा माल आहे.”

रत्नागिरीजवळच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. खरं आडनाव हजेरीपटापुरतं; गावाने त्यांना बाठेबाई करून टाकलं आणि त्यांनीही ते कौतुकाने मिरवलं. “कोकणात काय पिकतं ते सगळे विचारतात,” त्या म्हणत, “काय कुजतं ते कुणी विचारत नाही.” मग सुरू व्हायचं: बाठ्यातल्या गराचं तूप साबणाला चालतं, टरफलाचं तेल होडीच्या लाकडाला लागतं, सालींचा गॅस होतो आणि उरलेली रबडी खत म्हणून कलमांना जाते. मी मराठीचा मास्तर, मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण त्या बोलायला लागल्या की चहा गार व्हायचा, हे खरं.

निवृत्तीनंतर इतर बाया तीर्थयात्रेला जातात, बाईंनी गॅसची टाकी बांधली. गावाबाहेरच्या कॅनिंग कारखान्याच्या साली तिच्यात जायच्या, तिच्या गॅसवर वाळवणीची भट्टी चालायची आणि बचत गटाच्या बायका भट्टीत बाठ्यांचा गर वाळवायच्या. याच सुमाराला बाईंचा धाकटा भाऊ दिलीप मुंबईहून परतला. त्याची कंपनी बंद पडली होती. “दोन हंगाम बघतो, ताई,” तो म्हणाला. बाई कोकणच्या विकासावर तासभर बोलायच्या, पण आम्हाला ठाऊक होतं, त्यांना एवढंच हवं होतं, की दिलीप परत मुंबईला जाऊ नये. घरातली तीन माणसं पोटासाठी गेली होती ती गेलीच होती.

पहिला हंगाम झकास गेला. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात गावात मोठं लग्न होतं. वर्षानुवर्षं बाईंनी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, काही फेकू नका, माझ्याकडे आणा. गावाने एकदा ऐकायचं ठरवलं ते नेमकं तेव्हा. पंगतीतलं उरलंसुरलं, उष्टं सोलकढीचं पातेलं, लिंबांच्या फोडी, मुंबईकरांनी खाल्लेल्या आंब्यांच्या साली, सगळं पाट्या भरभरून टाकीत गेलं. बाई दोन दिवस चिपळूणला होत्या. पाहुण्याला आग्रह करकरून वाढावं तसं लोकांनी टाकीला वाढलं. टाकी आंबली, गॅस बंद झाला आणि भट्टीची ज्योत विझली.

बाई आल्या तेव्हा गटाच्या सुमनवहिनी रडवेल्या झाल्या होत्या. “बाई, आमी तर चांगल्यासाठीच घातलंव वो. तुमीच सांगत होतात ना?”

“सांगत होते गो,” बाई म्हणाल्या. “किती ते सांगायचं राहिलं.”

कुणालाही त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. साली बंद केल्या, चुन्याची निवळी घातली, आणि आजाऱ्याला पेज द्यावी तसं रोज थोडं थोडं शेणकाला पाजत बसल्या. पण तोवर पाऊस लागला, तो थांबला नाही. भट्टी बंद, बाठ्यांच्या गराला बुरशी आली आणि तो सगळा टाकावा लागला. दिलीप आषाढात मुंबईला गेला. एसटीत चढताना म्हणाला, “ताई, तुझं चुकलं नाय. पण मला पोरं हायत.” बाईंनी मान डोलवली. घरी येऊन त्या ढसाढसा रडल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पाऊस सरता सरता टाकीने पुन्हा गॅस धरला. बाईंनी दिलीपला फोन लावला, “पेटली रे, ये.” तो म्हणाला, “मेमध्ये येईन, तेव्हा बघू.” बाईंनी मेची वाट बघितली, पण त्या मेपर्यंत राहिल्या नाहीत. काजूच्या ऐन हंगामात, दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत.

दिलीप आला, सगळं यथासांग केलं. परतीचं तिकीट काढूनच आला होता. जायच्या सकाळी सुमनवहिनी अंगणात येऊन उभ्या राहिल्या. “भाऊ, काजूची बोंडवं येऊन पडलीत. टाकीला किती घालू? माझा हात नाय धजत. गेल्या साली आमीच तिला मारलंव.”

दिलीपने हातातली बॅग ओटीवर ठेवली. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो वहिनींबरोबर गेला. दुपारी मी तिकडे गेलो तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत रबडीने भरले होते. तेवढ्यात मुंबईहून त्याच्या नव्या कामावरच्या मुकादमाचा फोन आला. त्याने तो खांदा आणि कानाच्या बेचक्यात धरला.

“नाय, नाय येत,” तो म्हणाला. “इथं काम हाय.”

हे तीन शब्द ऐकायला बाई हव्या होत्या हो.