गोदावरीत भिजलेले तक्ते आणि गेवराईचा विंचू

जालन्याच्या स्टेशनावर उतरले तेव्हा माझं वय एकोणीस होतं आणि अक्कल त्याहून बरीच कमी. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मी. नाकावर नवा चष्मा, काखेत दशम्यांचं गाठोडं, हातात पत्र्याची पेटी. पेटीत लुगडी दोन, बाकी सगळे रंगीत तक्ते: अननस, आगबोट, इमारत. निजामाच्या मुलखात गेवराईला मुलींची शाळा होती, तिथल्या शिक्षिकांना दहा दिवसांत शिकवून तयार करायचं काम मला मिळालं होतं. आपण गेल्यावाचून तिकडे उजेड पडायचा नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

जालन्याहून बैलगाडीनं निघाले. दोन्ही अंगांना कापूस आणि नुकती वर आलेली ज्वारी. गाडीवान सारखा मागं वळून माझ्या चष्म्याकडे बघायचा. शहागडला गोदावरी लागली. पाऊस सरला होता, तरी पाणी दोन्ही थड्यांना टेकलेलं. नावाडी म्हणाला, "बाई, पेटी मधी ठिवा. कडंला लई हिंदकाळतं."

"काका, माझं शिक्षण झालेलं आहे," मी म्हणाले.

"कशाचं? नाव हाकायचं?"

मी पेटी नावेच्या काठावरच ठेवली आणि शेजारी ताठ बसले. मधल्या धारेत नाव डुलली आणि पेटी पाण्यात गेली. नावाड्यानं बांबूनं ओढून काढली, पण आतली आगबोट बुडायची ती बुडालीच. अननसाचा पिवळा रंग इमारतीच्या खिडक्यांतून वाहत होता.

"न्हाई, शिक्षण झालंय म्हनं," नावाडी पलीकडच्या थडीपर्यंत स्वतःशीच पुटपुटत राहिला.

गेवराईत हमीदाबी वाट बघत होत्या. त्या शाळेच्या उस्तानी (शिक्षिका). चाळिशीच्या, सडसडीत, बोलताना पान एका गालातून दुसऱ्या गालात नेणाऱ्या. त्यांच्या मदतीला लिंबागणेश गावच्या गंगूबाई. पहिल्याच दिवशी हमीदाबींनी मला खरी गोष्ट सांगितली. दहाव्या दिवशी मोहतमीमसाहेब (शाळा तपासनीस) येणार. मुलींनी बोलून, वाचून दाखवलं, तर शाळा राहणार. नाही तर कुलूप.

"सहा साल दारोदार फिरून ये पोरियां जमा किये मैं," त्या म्हणाल्या. "एक बार घर गये तो फिर नहीं आते, बाई."

मी त्यांना धीर दिला. माझ्याकडे पद्धत आहे म्हणाले.

माझी पद्धत ऐका. वर्गात चोवीस मुली. बागवानांच्या (फळं विकणाऱ्यांच्या) मुली घरी दखनी बोलायच्या, शेतकऱ्यांच्या मुली तिथली मराठी, आणि तांड्यावरून येणारी जमनी गोरमाटी, म्हणजे लमाणांची बोली. पुस्तकातली भाषा यातल्या कुणाच्याच घरी राहत नव्हती. मी नियम काढला: वर्गात घरची बोली तोंडातून निघाली की मुलगी बाहेर, लिंबाखाली. हमीदाबींचं पान तेवढं दुसऱ्या गालात गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकवीस मुली लिंबाखाली होत्या. बाविसाव्या गंगूबाई. त्या मला "कावून?" (का म्हणून?) म्हणाल्या होत्या.

उरलेल्या तिघींना शिकवावं म्हणून भिंतीशी वाळत घातलेला एक तक्ता मी उचलला. त्याच्या ओलाव्याला माझ्या करंगळीएवढा काळा विंचू येऊन बसला होता. मी बाकावर उडी मारली, आणि तोंडातून निघालं, "गो आये, मेलंय गो!"

आता सांगते. मी मालवणाकडची. पुण्याला पहिल्याच दिवशी अख्खा वर्ग माझ्या बोलण्याला हसला, तेव्हापासून दोन वर्षं ती बोली मी घासून घासून काढली होती. आईला पत्रसुद्धा पुस्तकी भाषेत लिहायची. ती कुणाकडून तरी वाचून घ्यायची आणि कळवायची, पत्र पोचलं, पण तुझं वाटलं नाही.

जमनी तोंड मिटून आतच बसली होती. ती उठली, विंचवावर मडकं पालथं घातलं आणि जागेवर जाऊन बसली. हमीदाबी दारात उभ्या होत्या.

"कायदा सबकू है ना, बाई?"

मी बाकावरून उतरले आणि लिंबाखाली जाऊन उभी राहिले. चष्म्यासकट.

तिथं बघते तर शाळा भरलेली! बागवानाच्या मुलीनं सीताफळं आणली होती. एक बी हातात घेऊन मुली एकमेकींना विचारत होत्या, तुमच्यात याला काय म्हणतात. जे नाव ठरेल त्याची अक्षरं मातीत बोटानं काढत होत्या. गंगूबाई वाकून चुका दाखवत होत्या.

"हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"हमीदाबींनी," गंगूबाई म्हणाल्या. "कुनी तपासायला आलं की बंद करतो आमी."

मी ज्यांना शिकवायला आले होते त्यांच्यापुढे त्या दिवसापासून मांडी घालून बसले. आधी मुलीनं आपल्या बोलीत सांगायचं, मैत्रिणीनं आपल्या बोलीत, मग सगळ्यांनी मिळून पुस्तकाच्या भाषेत, आणि शेवटी लिहायचं. भिजलेल्या तक्त्यांच्या मागच्या बाजूंवर मुलींनी बैल, जातं, सीताफळ काढलं. तिसऱ्या दिवशी माझ्या सोवळ्याच्या दशम्यांना बुरशी आली. सीताफळाला साल असते, म्हणजे ते सोवळंच, असा शास्त्रार्थ मी काढला. पाचव्या दिवशी हमीदाबींकडच्या आंबट डाळीलाही साल असल्याचं मला आढळलं.

एकच अट मी सगळ्यांना घातली. विंचवाची गोष्ट साहेबांसमोर काढायची नाही.

दहाव्या दिवशी साहेब आले. उंच, अचकन घातलेले, चेहरा इस्त्री केल्यासारखा. त्यांनी नेमकं जमनीला उभं केलं. "काही सांग."

जमनी गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. गप्पच. साहेबांनी वही उघडली. हमीदाबींचं पान गालात थांबलं होतं.

जमनी माझ्याकडे बघत होती, आणि मला एकदम कळलं. तिच्या ओठांवर एकच गोष्ट होती, आणि तिला मीच टाळं लावलं होतं.

मी म्हणाले, "सांग गं. विंचवाची."

मग काय विचारता! आधी गोरमाटीत, मग मराठीत, मध्ये दखनीचे तुकडे. जमनी बाकावर चढली, माझा चष्मा सावरल्याचा आव आणला आणि माझ्याच आवाजात ओरडली, "गो आये, मेलंय गो!" बाकीच्या तेवीस मुली हसून लोळल्या. खाली उतरून तिनं फळ्यावर तीच गोष्ट दोन ओळींत लिहिली आणि बोट ठेवून वाचली.

साहेब रुमालात तोंड घालून बराच वेळ खोकले. मग मला म्हणाले, "बाई, ही आपली बोली कुठली?"

"माझ्या घरची," मी म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

वहीत त्यांनी लिहिलं ते हमीदाबींनी दोनदा वाचलं आणि पदराला डोळे पुसले. शाळा राहिली.

परत निघाले तेव्हा शहागडला तोच नावाडी. "बाई, पेटी कुटं ठिवू?"

"तुम्ही म्हणाल तिथं."

पेटीत सीताफळं होती. तक्ते गेवराईच्या भिंतीवर राहिले. मनमाडला गाडी बदलायला तीन तास होते, तेवढ्यात मी आईला पत्र लिहिलं, सगळं आमच्या बोलीत, विंचवासकट. उत्तर लवकर आलं. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, एकाच ओळीचं: "ह्या मात्र तुझा वाटला."