सुपारीवरचा पाय

माझी अभिनयाची कारकीर्द केळव्याला सकाळी साडेनऊला सुरू झाली आणि अकराच्या सुमारास माझ्या सासूबाईंनी ती संपवली.

मी मूळचा सांगलीचा. नोकरी तारापूरच्या एका कारखान्यात, बिऱ्हाड बोईसरला. पण सिनेमातलं मला कळतं. गोष्ट काय, कुणालाही कळते हो. मला बारकावे कळतात! टीव्हीसमोर बसलो की मी मध्येच सिनेमा थांबवतो आणि बायकोला सांगतो, "बघ, बघ! बोलता बोलता त्यानं पँटीला हात पुसला. हे लिहिलेलं नसतं, नीता. हे आतून येतं!" त्यावर नीता म्हणते, "कळलं. आता सुरू करा, मला कुकर लावायचाय." (रसिकता सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.)

तर नीताच्या माहेरी, म्हणजे केळव्याला सासूबाईंच्या अंगणात, एका सिनेमाचं शूटिंग ठरलं. दहा वर्षांपूर्वी भांडून गेलेला मुलगा घरी परततो आणि ओट्यावर त्याचा काका पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणतो, "आलास? बस." हा काका मी! रोहन नावाच्या तरुण दिग्दर्शकाला अंगण हवं होतं आणि मी अंगणवालीचा जावई, तेव्हा त्याला नाही म्हणायची सोयच नव्हती. बोईसरच्या कॉलनीत मी मजल्यामजल्यावर फिरून "महत्त्वाची भूमिका आहे" असं सांगून आलो. आता पडद्यावर दिसलो नसतो तर बिऱ्हाड गुंडाळून सांगली गाठावी लागली असती.

दोन शब्दांसाठी मी आठ दिवस घाम गाळला. चष्मा वर सरकवणं, कान खाजवणं, खांद्यावरचा टॉवेल झटकणं, तांब्यात डोकावणं... असे एकूण सात बारकावे बसवले. सगळे आतून आलेले. विसरू नयेत म्हणून वहीत लिहून ठेवले.

त्या दिवशी सासूबाईंनी अंगणभर सुपारी वाळत घातली होती. सालासकट, पिवळीधमक. त्या घरात सुपारीवर पाय द्यायचा नाही म्हणजे नाही, भिंतीला अंग घासत कडेकडेनं जायचं. लग्नात मी (नवरदेव असून!) तसाच गेलो होतो.

रोहन खूश झाला. "आजी, मस्त दिसतंय. तुम्ही नुसत्या बसा. काही करू नका."

"आमाला काय येतंय करायला?" सासूबाई म्हणाल्या. "मी आपली सुपारी फिरवतंय. तुमी करा तुमचा काय तो."

पहिला टेक. हिरो कडेकडेनं ओट्याशी आला आणि मी सातही बारकावे सलग काढले.

"कट! काका, डास चावतायत का?"

"डास नाहीत, बारकावे आहेत!"

"थोडे कमी होतील?"

दुसऱ्या टेकला मी मोठ्या मनानं तीन कमी केले. पण तांब्यात डोकावताना चष्मा आत पडला. कसलेला नट थांबत नसतो! मी चष्म्यासकट तांब्या हिरोपुढे केला. "आलास? बस."

"कट!"

"हे लिहिलेलं नव्हतं," मी रोहनला अभिमानानं सांगितलं.

"कळलं," रोहन म्हणाला.

तिसऱ्या टेकपर्यंत ऊन चढलं होतं. वैतागलेला हिरो कडेची वाट सोडून अंगणाच्या मधून सरळ निघाला आणि त्याचा पाय पडला सुपारीवर!

सासूबाईंनी मान वर केली नाही. हिरोचा घोटा धरला, पाय उचलला, बाजूला ठेवला. खालच्या सुपाऱ्या पदरानं पुसून पुन्हा जागेवर लावल्या. मग वर बघितलं.

"आंधळा हाय काय रं?" त्या म्हणाल्या. आणि मग त्याचा चेहरा बघून तोच पदर पुढे केला. "पूस तोंड. कवडा घाम आलाय."

हिरोनं खाली बसून खरंच तोंड पुसलं. त्याचे डोळे भरून आले. लाइटवाला नाक ओढायला लागला. रोहन तर कट म्हणायचंच विसरला.

"हाच सीन!" शेवटी तो ओरडला. "आधी सुपारी, मग मुलगा! दहा वर्षांचं सगळं आलं यात!"

"आणि माझं 'आलास? बस'?"

"आता कशाला, काका? आजींनी सगळं सांगितलं."

"अहो, पण त्यांनी काहीच केलं नाही!"

"तेच तर!"

दुसऱ्या बाजूनं पुन्हा घ्यायचं ठरलं. "आजी, तसंच करा."

"काय केला मी?" सासूबाईंना पत्ताच नव्हता. त्याची गरजही नव्हती, कारण हिरो पुन्हा सुपारीवर चढला होता. या खेपेला त्याच्या पोटरीवर फटका बसला. "सांगितलेला कळत नाय? सुपारी हाय ती!" रोहननं तोही ठेवला.

"मी काय करू?" मी ओट्यावरून विचारलं.

"तुम्ही तिथेच उभे राहा, काका. ओटा भरलेला वाटतो."

नीता मागून म्हणाली, "अहो, तो तांब्या धरलाच आहात तर आईला पाणी द्या. दमली ती."

सिनेमा लागला तेव्हा अख्खी कॉलनी पालघरच्या थिएटरात. पडद्यावर सासूबाईंनी घोटा धरला आणि टाळ्या पडल्या. मी मागे धूसर, खांबाच्या शेजारी दुसरा खांब. शेजारच्या खुर्चीतून माझ्याच खात्यातले मिश्राजी कुजबुजले, "भाईसाब, आप कब आओगे?"

मी अंग चोरून बसलो. सांगलीची गाडी किती वाजता असते ते आठवू लागलो. आणि अचानक पडदाभर माझं तोंड! जबडा आवळलेला, नाकपुड्या फुगलेल्या, डोळे सासूबाईंवर रोखलेले, अंगठ्याचं नख तांब्याचा काठ खरवडतंय. दहा वर्षं वाट पाहिली काकानं आणि मुलगा मिळाला दुसऱ्यालाच! मागून कुणीतरी हुंदका दिला.

बाहेर मिश्राजींनी मला कडकडून मिठी मारली. "जलन क्या दिखाई आपने! वो आँखें, वो नाखून! कमाल!" रोहन म्हणाला, "काका, असं काही शिकवून येत नाही." सासूबाईंनीसुद्धा पाठीवर हात ठेवला. "जावईबापू, बरा केलात हां तुमी."

मी नम्रपणे हात जोडले. तेव्हा कॅमेरा माझ्यावर होता हे मला माहीतच नव्हतं, ही गोष्ट मी कॉलनीत अजून कुणालाही सांगितलेली नाही.