नाहूरचा सर्वोत्तम कोच

संपात गिरणी बंद पडली तेव्हा गिरणीची फुटबॉल टीमही गेली, आणि टीमचे कोच गुणाजी परब घरी बसले ते बसलेच. बायको मालन चार घरची पोळीभाजी करून संसार ओढत होती. गुणाजी नाहूरच्या मैदानावर पोरांना फुकट शिकवायचे. तोंडात शिट्टी असली की माणूस वाघ. घरी मात्र खालमानेनं जेवायचा.

अशात जवळच्या एका कारखान्याला टीमसाठी कोच हवा झाला. पगारी, कायम नोकरी! तिथले क्रीडा अधिकारी माणूस पारखायला येणार होते. गुणाजींचा जीव टांगणीला लागला. ही गेली तर दुसरी कोण देणार?

नेमकं तेव्हाच नाहूरच्या क्रीडा मंडळाच्या शिवदासनं पेपरात वाचलं, की दक्षिण अमेरिकेत दरवर्षी अख्ख्या खंडातला सर्वोत्तम कोच निवडतात. झालं!

"ते निवडतात, मग आपण का नाही रे? पहिला मान गुणाजींचा. साहेबांनाही त्याच दिवशी बोलवू. नोकरी पक्की समजा!"

मेल्याचा हेतू चांगला होता, खोटं कशाला बोला. पण सत्कार म्हटला की आपल्याकडे माणूस धडधाकट असून भागत नाही, त्याला अर्धा तरी मारावाच लागतो. शाल-श्रीफळ झालं आणि शिवदासनं माइक धरला.

"गुडघे गेले, डोळ्यांना दिसत नाही, छातीत कळा येतात, तरी हा महात्मा मैदान सोडत नाही!"

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. गुणाजी "अरे, खोटं आहे!" म्हणून उठले, तर टाळ्यांत त्यांचा आवाज बुडाला.

"काय बोलता तो?" मालन कळवळली. "सायब आयकतत!"

साहेब खरंच हळहळले होते. गुणाजींचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्हाला आता त्रास देणार नाही आम्ही. आराम करा." आणि जीपकडे चालू लागले.

 गुणाजी खांद्यावरच्या शालीसकट पळत सुटले. जीप सुरू झाली होती. "साहेब! ओ साहेब!" पन्नास वर्षांत असं जिवाच्या आकांतानं ते कधी पळाले नव्हते. मागे लोक टाळ्या वाजवत होते.

फाटकापाशी जीप थांबली. बघा, माझे गुडघे शाबूत आहेत, एवढंच सांगायचं होतं. पण शब्द फुटेना, नुसती धाप. छातीला हात लावून ते वाकले.

साहेबांनी त्यांना पाणी द्यायला लावलं.

"शिवदास म्हणाले ते खरंच हो," ते हळूच म्हणाले. "जपा स्वतःला."

जीप गेली.