मामांची फ्रेंच गाडी

साऱ्या नाशकात द्राविडी प्राणायामाचा मान कुणाला द्यायचा झाला, तर तो आमच्या धाकट्या मामांनाच द्यावा लागेल. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इंजिनिअर असलेला हा माणूस घरचा पंखा दुरुस्त करायचा झाला तर आधी छत तपासायचा. नव्वदच्या सुमारास शहाणी माणसं छोट्या मोटारीसाठी नंबर लावत होती. मामांनी मात्र कुणी परदेशी साहेब मुंबईत टाकून गेलेली जुनी फ्रेंच मोटार ट्रकवर लादून घरी आणली. लांबलचक, निमुळत्या नाकाची, इंजिन इटलीचं आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला. स्प्रिंगा नाहीतच, सगळा भार तेलावर आणि वायूवर. इंजिन चालू केलं की गाडी उठायची, बंद केलं की म्हशीसारखी सावकाश खाली बसायची. स्टिअरिंग फिरवलं की दिवेसुद्धा त्या बाजूला वळून बघायचे. "तीस वर्षांनी जग इथवर येईल," मामा म्हणायचे. "तोवर ही कॉलेज रोडपर्यंत तरी जाईल का?" मामी विचारायची.

पहिल्या दसऱ्याला मामीने झेंडूचा हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मामांनी किल्ली फिरवली. गाडी अशी काही भारदस्तपणे उठली, की शेजारच्या आजींनी हात जोडले. तेवढ्यात इंजिन बंद पडलं आणि गाडी होती तिथेच पुन्हा बसली. आम्ही ढकलायला पुढे झालो तर मामी आडवी आली. "गाडीनं आपल्या पायानं लिंबं चिरडली पायजेत. ढकलून कुठं शकुन होतो का?" लिंबं तिथेच वाळली. मग दर दसऱ्याला नवी लिंबं यायची आणि तीही वाळायची. कधी पाइप गळायचा, कधी पंप रुसायचा.

मामीचं माहेर विंचूरचं. "भाऊबीजेला तुला हिच्यातूनच नेईन," असा शब्द मामा देऊन बसले होते. मामी दरवर्षी ठेवणीतली साडी नेसून, ओवाळणीचं ताट मांडीवर घेऊन गाडीत बसायची, बराच वेळ वाट बघायची आणि शेवटी उतरून एसटीने जायची. तिकडे भावाला सांगायची, "गाडी तयार हाय रे, रस्ताच खराब हाय."

पुढे मामीचे गुडघे गेले. एसटीची पायरी तर दूरच राहिली, रिक्षातही चढता येईना. माहेर सुटलं. मग मामा तहानभूक विसरून गाडीच्या मागे लागले. तिची उंची कमीजास्त करायला आत एक दांडा होता. तो हलवून हलवून, मामीला गुडघा फारसा न वाकवता नुसतं टेकता येईल अशी उंची त्यांनी शोधली आणि तिथे लाल रंगाची खूण केली. मामी टेकली, सहज बसली आणि चक्क लाजली. त्या भाऊबीजेला गाडी खरोखर चालली. दसऱ्याची सुकलेली लिंबं एकदाची चिरडली. निफाडला पोलिसाने उजवीकडे बसलेल्या मामीकडेच लायसन मागितलं. मामी म्हणाली, "मी कशाला चालवू? मी माहेरी चाललेय!"

मामी गेल्यावर गाडी पुन्हा फाटकाबाहेर पडली नाही. पुण्याचे एक गृहस्थ विकत घ्यायला आले होते. त्यांनी दांड्याला हात घातला तेव्हा मामा म्हणाले, "तेवढी उंची राहू द्या." गृहस्थ चहा पिऊन परत गेले.

अजूनही संध्याकाळी मामा इंजिन चालू करतात. गाडी उठते, खुणेच्या उंचीला थांबते. मामा उजवीकडचं दार उघडून शेजारी उभे राहतात. मग इंजिन बंद करतात, आणि गाडी पुरती खाली बसली की दार लावून घेतात.