पाकाचे हात

केरुआन शहराच्या जुन्या बाजारात मबरूका आणि तिचा नवरा तिजानी यांचं मकरूदचं दुकान होतं. रव्याच्या वड्यांत खजूर भरून तो तळायचा, ती त्या पाकात सोडायची. भांडण ठरलेलं.

"तुझ्या पाकानं गिऱ्हाइकांचे दात पडतील," तो म्हणायचा.

"पडू देत. तुझ्या बडबडीनं त्यांचे कान तर कधीच गेलेत."

त्या हिवाळ्यात तिजानीच्या छातीत कफ साठला, ताप मेंदूत गेल्यासारखा तो बरळू लागला आणि इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात जाऊन पडला. तोंडात नळी, श्वास यंत्राचा, शुद्ध नाही. इन्सुलिन लावलंय म्हणून परिचारिका सिहेमनं सांगितलं, तेव्हा मबरूका भडकलीच.

"त्याला कसला आलाय साखरेचा आजार! लोक म्हणतील, मिठाईवाल्याला त्याच्याच मिठाईनं खाल्लं."

"मिठाईचा दोष नाही, खाला," सिहेम तिला मावशीच्या नात्यानं म्हणाली. "एवढ्या दुखण्यात अंगच साखर वाढवतं. ती फार चढली तरी वाईट, आणि एकदम उतरली तर त्याहून वाईट. म्हणून तर सारखं बोट टोचून बघतो आम्ही."

मौलिदच्या, पैगंबरांच्या जन्मदिवसाच्या सणाच्या, आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. भेटीची वेळ टळेल म्हणून मबरूकानं हात पदरासारख्या सफसारीला पुसले आणि ती तशीच धावली. तिजानीचा हात हातात घेऊन एकेक बोट चोळत बसली.

दुसऱ्या दिवशी सिहेमनं तिला दारातच बाजूला घेतलं.

"खाला, काल तुमच्या हाताला काही लागलं होतं का?"

"काय लागणार? कामावरून आले होते मी..." आणि बोलता बोलता ती थांबली.

सिहेमनं काही लपवलं नाही. मबरूका गेल्यावर तिनं त्याच हाताचं बोट टोचलं होतं. आकडा भलताच चढा आला, म्हणून इन्सुलिन वाढवलं. पण ती साखर रक्तातली नव्हती, बोटावरच्या पाकाची होती. रक्तातली खाली खाली जात राहिली. शुद्धीतला माणूस घाम आला, गरगरतंय असं सांगतो; तिजानी काय सांगणार? अंगाला झटके आले तेव्हा कळलं. मग शिरेतून साखर दिली.

"चूक माझी आहे. बोट धुऊन मगच टोचायचं असतं," सिहेम म्हणाली.

"हात माझा होता," मबरूका म्हणाली.

त्यानंतर ती रोज यायची, पण खाटेपासून दूर बसायची. सिहेमनं एकदा कोमट पाणी आणून दिलं. "धुवा आणि खुशाल धरा त्यांचा हात." मबरूकानं हात धुतले, कोरडे केले. पण ते त्याच्या हाताकडे जाईनात.

तिजानी शुद्धीवर आलाच नाही. फुप्फुसं निकामी झाली होती, साखरेचा त्यात तेवढा वाटा नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. मबरूकानं मान हलवली.

मयताच्या घरी सिहेम आली आणि बायकांच्या मागं बसली. मबरूकानं तिला खुणेनं जवळ बोलावलं.

"झटके आले तेव्हा त्याला त्रास झाला असेल का गं?"

"माहीत नाही, खाला."

सगळे नाही नाही म्हणत होते. हिनं तसं म्हटलं नाही, म्हणून मबरूकानं तिला उठू दिलं नाही.

दुकान आता दीर चालवतो. मबरूका वरच्या खोलीत असते. ओळखीच्या गिऱ्हाइकाचा आवाज आला, तरी खाली येत नाही.