देवराईतलं वाळकं पान

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. विषय निघाला की उठून जायचो. आता वय झालंय, सांगून टाकतो.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी नगरच्या एका कॉलेजात झूलॉजीचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, टेम्पररी. अकोले तालुक्यातल्या एका देवराईत ओकलीफ दिसतं, असं आमच्या विभागप्रमुख सरांच्या कानावर आलं. हे दाट जंगलातलं फुलपाखरू. पंख मिटले की हुबेहूब वाळकं पान, मधल्या शिरेसकट. उघडले की गर्द निळं.

"एक स्पेसिमेन आणा, मग तुमच्या पर्मनंट ऑर्डरचं बघू," सर म्हणाले.

देवराईची राखण धोंडूबाबांकडे होती, बापापासून चालत आलेली. आत सोडताना ते म्हणाले, "नुसतं बघायचं, मास्तर. हितलं वाळकं पानबी भाईर न्यायचं न्हाई. म्या गावाला जबान दिलीया."

ओकलीफ दिसलं. आमच्यासमोर उडत आलं, फांदीवर बसलं आणि नाहीसंच झालं. बाबांनी कपाळाला हात लावला. "आयला, पान उडालं की!"

ते देवापुढं दिवा लावायला वळले. मी पिशवीतली घडीची जाळी काढली. पकडलेल्या फुलपाखराची छाती आम्ही दोन बोटांत दाबतो, क्षणात मरतं. मग कागदाच्या तिकोनी पुडीत ठेवायचं.

बाहेर गावच्या पंचांनी रिवाजाप्रमाणे माझी पिशवी झाडली. पुडी उघडली.

"ह्ये पान कुनी दिलं?"

देवाच्या रानात जीव मारला हे कळलं असतं, तर माझी धडगत नव्हती.

"धोंडूबाबांनी," मी म्हणालो. स्वतःचाच आवाज ऐकून हादरलो.

बाबांनी पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्या? मास्तर... आरं, त्ये पान न्हाई. उडत हुतं त्ये!"

"पान उडतं व्हय रं, धोंड्या?" पंच हसले.

नखानं पंख उघडले असते तर निळा रंग दिसला असता. माझे हात खिशातच राहिले.

पंचांनी ते 'पान' आत नेऊन पाचोळ्यात ठेवलं. राखण त्याच दिवशी दुसऱ्या घराकडे गेली. माझी ऑर्डरही निघाली नाही. आमच्या कामात प्रत्येक नमुन्याला लेबल लागतं: ठिकाण, तारीख, पकडणारा. लेबल नसलेला नमुना कचऱ्यात जातो. त्या एकाचं लेबल मी लिहिलं नाही.

काही वर्षांनी धीर करून गेलो. बाबांनी ओळखलं. कोरा चहा सांगितला. मग हळूच म्हणाले, "मास्तर, त्ये उडत हुतं न्हवं? समदी म्हनत्यात, म्याच दिलं. आता मलाबी तसंच वाटाया लागलंय."

"बाबा, तुम्ही नाही दिलंत. चुकलं माझं." एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "चहा छान झालाय."